पैकीच्या पैकी चूक

शेट्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी लाल दिवा लागायचा, आणि समोरच्या गॅलरीतल्या कानडेकाकू रोज न चुकता विचारायच्या, "काय गं हेमांगी, आज कुठला कार्यक्रम?" हेमांगी "तुपाचा, काकू!" म्हणून खिडकी लावून घ्यायची. काकूंचा त्यावर काडीचाही विश्वास बसायचा नाही. पण ते खरंच होतं. लाल उजेडात तुपाचा रंग कळत नाही. ताजं तूप आणि खवट व्हायला लागलेलं तूप, दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे जिभेचा अभ्यास चालू असताना डोळ्यांना मधेच उत्तर फोडता येत नाही.

टेबलावर दोन वाट्या असायच्या, कोमट पाण्याचा तांब्या असायचा, आणि तोंड साफ करायला बशीभर कुरमुरे. एका बाजूला धनंजय शेटे, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. धनंजयच्या जबड्याखाली एक छोटी चकती चिकटवलेली असायची. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण घरोघरी तिला टिकलीच म्हणायचे. हेमांगीच्या हातात दोन बटणांचा रिमोट. धनंजयने खवट तुपाच्या वाटीवर बरोबर बोट ठेवलं की तिने हिरवं बटण दाबायचं. टिकली हलकेच थरथरायची आणि त्याच्या जबड्यातून सुखाची एक बारीक लहर जायची. चुकला की काळं बटण. मग टिकली गप्प, फक्त फोनमध्ये नोंद.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. धनंजय दूधसंघात तूपपारखी होता. संघाकडे इलेक्ट्रॉनिक नाक होतं, चांगलं कपाटाएवढं. पण दर हंगामात चारा बदलतो, दूध बदलतं, तुपाचा वास बदलतो, आणि मग त्या कपाटाला नव्याने शिकवायला माणसाचंच तोंड लागतं. कुठलं तूप चांगलं आणि कुठलं उतरलेलं हे धनंजयने सांगायचं, मग यंत्राने ते पाठ करायचं. यंत्राचा मास्तर म्हणून त्याला तालुक्यात मान होता, आणि तो मान त्याच्या चालण्यातही थोडा उतरला होता. पारख्याच्या घराचे नियम कडक असतात. कामाच्या दिवशी लसणाची फोडणी नाही, वासाचा साबण नाही. लग्न झाल्यापासून रविवार सोडून हेमांगीने केसांत गजरा माळला नव्हता, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. नवऱ्याच्या जिभेवर सगळं घर उभं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तो ताप आला. अख्ख्या जिल्ह्यात फिरला, लोकांना आठवडाभर अंथरुणात पाडून गेला, आणि जाताना कित्येकांच्या तोंडाची चव घेऊन गेला. बाकीचे लोक "जेवणात राम राहिला नाही" म्हणून कुरकुरत कामाला लागले. धनंजयचं कामच बुडालं. संघाने त्याला वजनकाट्यावर बसवलं, तात्पुरतं म्हणून. कॅनचे आकडे बघायचे आणि बटण दाबायचं. तिथे बसायला जीभ लागत नव्हती.

आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी नाकाची मेहनत असते. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असल्या चार-पाच ढोबळ गोष्टी कळतात. तूप रवाळ आहे, खमंग आहे की खवट आहे, हे घशाच्या मागून नाकात चढणारा वास सांगतो. तापाने नाकातले वास ओळखणारे तंतू जाळून टाकले होते. ते पुन्हा उगवतात, पण उगवून मेंदूत भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटतात. त्यांना वळण लावायला सराव लागतो, आणि नुसता सराव पुरत नाही. दोन वाट्या हजार वेळा चाखल्या तरी बरोबर कोणती आणि चूक कोणती हे कोणी सांगितलं नाही, तर मेंदू तिथल्या तिथे फिरत राहतो. उत्तर दिल्याबरोबर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, "बरोबर" असं कळलं, तर मात्र त्या क्षणी जो काही पुसटसा फरक जाणवला असेल त्याला मेंदू पकडून ठेवतो. टिकलीचं एवढंच काम होतं. संघाच्या तुपाची उत्तरं टिकलीला ठाऊक नसायची, ती हेमांगीला ठाऊक असायची. ताजं आणि खवट, दोन्ही तुपं तीच वाट्यांत काढायची. म्हणून बटणं तिच्या हातात.

सुरुवातीचे महिने तिने बटणं अगदी इमानाने दाबली. धनंजयची निम्मी उत्तरं बरोबर यायची, निम्मी चूक. दोनच वाट्या असल्यावर डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढी येतातच. टिकली थरथरायची तेव्हा त्याचा चेहरा उजळायचा, गप्प राहायची तेव्हा विझायचा, आणि शेवटी बेरीज शून्य.

मग एका सकाळी संघाचा माणूस पिशवी देऊन गेला. पिशवीत धनंजयचा पांढरा एप्रन होता, धुऊन, इस्त्री करून. इतकी वर्षं संघाच्या चवघरातल्या खुंटीला टांगलेला एप्रन घरी येतो याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. धनंजयने तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाला, "चल, वाट्या मांड." त्याने उजवी वाटी चाखली, पाणी घेतलं, कुरमुरे चावले, डावी चाखली. डाव्या वाटीवर बोट ठेवलं आणि बायकोकडे बघितलं.

खवट तूप उजव्या वाटीत होतं.

हेमांगी बालवाडीत शिकवायची. तिथे पोराने हत्तीला पाच पाय काढले तरी "शाब्बास, कित्ती छान हत्ती!" म्हणायचं ही कामाची रीत. चूक हा शब्द तिच्या तोंडून गेल्या कित्येक वर्षांत निघाला नव्हता. आणि बटण दाबायला पातं लवण्याएवढाच वेळ. विचार करायला तेवढा पुरत नाही. समोर तो खुर्चीवरचा एप्रन, आणि नवऱ्याचा तो चेहरा. तिचा अंगठा हिरव्या बटणावर गेला.

धनंजय हसला. तापानंतर पहिल्यांदा. "आलं का गं?" म्हणाला, "आलं की!" त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि वजनकाट्यावर शीळ घालत गेला.

असं खोटं एकदाच बोलायचं असतं आणि एकदाच बोलून कधी भागत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आज खरी बटणं. पण तो इतक्या उमेदीने बसला होता की पुन्हा अंगठा घसरला. मग तिने स्वतःची समजूत घातली. आधी आत्मविश्वास येऊ दे, चव मागून येईल. पोरांचं असंच असतं. हळूहळू काळं बटण दाबायचंच राहून गेलं. फोनमधला आलेख वर वर चढत गेला. धनंजय संध्याकाळी तो आलेख बोटांनी मोठा करून बघत बसायचा.

खरं काय चाललंय ते एकट्या हेमांगीला दिसत होतं. त्याची चव परत येत नव्हती, उलट बिघडत चालली होती. पूर्वी निम्मी तरी उत्तरं बरोबर यायची. आता दहात एखादं, आणि पुढेपुढे तेही नाही. ती ताजं तूप मांडायची आणि तो बेधडक म्हणायचा, "हे खवट." इतक्या ठामपणे की ऐकणाऱ्याने वाटी मोरीत ओतावी. जेवतानाही तेच. वरणभातावर घरी कढवलेलं तूप वाढलं की तो ताट बाजूला सारायचा. "वास येतोय याला." ती निमूट ते तूप उचलून ठेवायची. माणूस हळूहळू पार हाताबाहेर चाललाय, आणि आपण वरून टाळ्या वाजवतोय, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी तो घरी आला तो पेढे घेऊनच.

"संघात आलेख दाखवून आलो," तो म्हणाला. "साहेब बघतच राहिले. पुढच्या आठवड्यात बाहेरून परीक्षक बोलावलाय. फेरचाचणी."

हेमांगीच्या हातातली वेळणी ओट्यावर पडली. "एवढी घाई कशाला? अजून दोन-तीन महिने..."

"अगं, आलेख बघ की! आता काय राहिलंय?" त्याने पेढा तिच्या तोंडापुढे धरला. "फेरचाचणी एकदाच मिळते, हे खरं. नापास झालो तर कायमचा काट्यावर. पण नापास कशाला होतोय मी?"

तिने पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर ती घरी न जाता थेट संघात गेली. चवघराच्या प्रमुख डॉ. फरजाना मुजावर नमुन्यांच्या बाटल्यांना लेबलं लावत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलायला फटकळ. धनंजयला पारखी म्हणून त्यांनीच तयार केलं होतं.

"बसा हेमांगीताई. नवरा चव घेऊन आला म्हणे परत!"

"मॅडम, ती चाचणी पुढे ढकला," हेमांगी म्हणाली, आणि मग तिला दम धरवेना. एप्रन आला त्या सकाळपासून सगळं तिने एका श्वासात सांगून टाकलं. हिरवं बटण, आलेख, पेढे. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

डॉक्टर ऐकत होत्या. "कमाल केलीत," त्या शेवटी म्हणाल्या. "टिकली खरं-खोटं शिकवत नाही हो, ती फक्त 'होय' शिकवते. होय कोण म्हणतंय आणि कशाला म्हणतंय हे तिला काय कळणार? तुमच्या अंगठ्याने तुम्ही त्या माणसाला काय वाटेल ते शिकवलंय. बरं, खरी उत्तरं किती येतात? निम्मी तरी?"

"निम्मी कुठली!" हेमांगीने पदराने डोळे पुसले. "गेल्या आठवड्यात एकसुद्धा नाही."

डॉक्टरांचा लेबल लावणारा हात थांबला. "एकसुद्धा नाही? चुकूनसुद्धा?"

"नाही. जी ताजी असेल तिलाच खवट म्हणतात. रोज."

"आणि घरी ताजं तूप वाढलं तर?"

"ताट बाजूला सारतात. वास येतो म्हणतात."

"आणि जुनं?"

हेमांगी आठवू लागली. "परवा चुकून डब्यातलं जुनं वाढलं गेलं. ते मात्र मिटक्या मारत खाल्लं. म्हणाले, आज तूप चांगलं झालंय."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, हेमांगीकडे नीट बघितलं, आणि मोठ्याने हसल्या. हेमांगीला क्षणभर रागच आला. आपला संसार बुडतोय आणि बाई हसतायत.

"अहो ताई, विचार करा," डॉक्टर खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या. "ज्याला काहीच कळत नाही, त्याची दोन वाट्यांत निम्मी उत्तरं आपोआप बरोबर येतात. नाणं उडवलं तरी येतात. मग रोज पैकीच्या पैकी चुकायला काय लागतं?"

"नशीब?"

"जीभ लागते! उत्तम जीभ. दोन्ही वाट्यांतला फरक कळल्याशिवाय दर वेळी नेमकी चुकीचीच वाटी उचलता येत नाही. तुमच्या नवऱ्याला फरक कळतोय. लखलखीत कळतोय. फक्त नावं उलटी बसली आहेत. तापानंतर तंतू वाकडे जुळतात. कोणाला चहात जळकं रबर येतं, कोणाला कोथिंबिरीत साबण. यांना ताज्यात घाण येतेय आणि खवटात सुगंध. चव परत येत होती, ताई, तुमच्या डोळ्यांदेखत येत होती. पोराने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शर्ट घातला, उलटा घातला, आणि तुम्ही तो सुलटा करायचा सोडून टाळ्या वाजवल्यात."

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. छातीवरचा दगड अर्धा उतरला होता. अर्धा तसाच होता. "मग आता मी खरी बटणं दाबली तर सुधारेल?"

"सुधारेल, आणि लवकर सुधारेल. फरक ओळखायला महिने लागतात, नाव बदलायला नाही."

"म्हणजे त्यांना काही सांगायला नको," ती घाईने म्हणाली. "आजपासून खरी बटणं, झालं."

डॉक्टरांनी मान हलवली. "इतके दिवस पैकीच्या पैकी, आणि उद्या टिकली एकदम मुकी? त्याला वाटेल चव पुन्हा गेली. घाबरेल, अंदाजाने बोटं ठेवायला लागेल, आणि जे काही उगवलंय तेही मोडेल. सगळं खोटं होतं हे त्याला कळलं तरच तो ते पुसू शकेल. चाचणी मी पुढे ढकलणार नाही, परीक्षक बंगळुरूहून यायचाय. तुम्ही घरी जा आणि सांगा."

घरी धनंजय टेबलावर घोंगडी अंथरून एप्रनला इस्त्री करत होता. एकदा इस्त्री झालेल्याच एप्रनला. हेमांगी दारातच उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"अहो, मी तुम्हाला फसवलंय," ती म्हणाली.

बालवाडीची बाई असली तरी या वेळी तिने काही गोड करून सांगितलं नाही. जे होतं ते सांगितलं. धनंजयने इस्त्री उभी करून ठेवली, तिची वायर काढली, गुंडाळली.

"कधीपासून?"

"हा घरी आला त्या दिवसापासून." तिने एप्रनकडे बोट केलं.

"म्हणजे एकही खरं नाही."

"नाही."

"मी पोर आहे का गं तुझ्या बालवाडीतलं?" त्याचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "साहेबांसमोर आलेख नाचवला मी. पेढे वाटले. त्या काट्यावरच्या माणसांना म्हटलं, आता चाललो मी तुम्हाला सोडून. आणि तू ऐकत होतीस."

"तुम्ही हसला होता हो," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलंच नाही."

मग तिने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पैकीच्या पैकी चूक, म्हणजे फरक कळतो; नावं उलटी बसली आहेत. सांगताना तिचा चेहरा नकळत उजळत गेला, आणि तो उजळलेला चेहरा बघून धनंजयच्या कपाळावर आठी आली.

"आता हे पण हिरवं बटण का?"

खरंही आता तिच्या तोंडून खोट्यासारखंच ऐकू येत होतं, आणि त्यात धनंजयची काही चूक नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली. एकसारख्या दिसणाऱ्या वाट्यांच्या बऱ्याच जोड्या काढल्या. जिच्यात खवट तूप घालायचं तिच्या बुडाला बाहेरून काजळाचा ठिपका लावला, आणि जोड्या टेबलावर मांडून लाल दिवा लावला.

"टिकली काढून टाका," ती म्हणाली. "मी बाहेर जाते. बोट ठेवा आणि वाटी उपडी करून बघा. मला विचारू नका."

ती जिन्यात जाऊन बसली. आतून पाण्याचा आवाज आला, कुरमुरे चावल्याचा आला, मग वाटी टेबलावर आपटल्याचा. पुन्हा पाणी, पुन्हा वाटी. मग बराच वेळ काहीच नाही. हेमांगीच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. डॉक्टरांचं चुकलं असेल तर? निम्मी बरोबर, निम्मी चूक निघाली, तर याला काहीच कळत नाही हे कायमचं ठरलं. तेवढ्यात आत धनंजय हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खदखदून. समोरच्या कानडेकाकू दार उघडून बाहेर आल्या.

"काय झालं गं?"

"सगळं चुकलं, काकू," हेमांगी त्या हसण्यावरून ओळखून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "एकूण एक चुकलं!"

ती आत धावली. टेबलावर तूप सांडलं होतं, वाट्या उपड्या पडल्या होत्या. धनंजयने बोट ठेवलेल्या एकाही वाटीच्या बुडाला ठिपका नव्हता.

"एकही नाही, हेमा," तो म्हणाला. "एवढं नेमकं चुकायला माणूस पारखीच लागतो."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं नाही. तो तिच्याशी मोजकंच बोलायचा. वाट्या तीच मांडायची, ठिपके तीच लावायची, पण चाखायची वेळ आली की उठून बाहेर जायची. टिकली डबीत पडून होती. बरोबर-चूक आता वाटीचं बूड सांगायचं, आणि वाटीला कोणाची दया येत नाही. पहिल्या दिवशी त्याची जीभ "हे खवट" म्हणाली की ठिपका पलीकडे निघायचा आणि तो चरफडायचा. मग तो बोट ठेवायच्या आधी थांबायला लागला. जो वास नकोसा वाटायचा, तो तोंडात घोळवून बघायला लागला. असंच एकदा घोळवताना त्याने तिला आतून हाक मारली.

"हेमा, इकडे ये. हा जो वास आहे ना, ज्याला मी घाण म्हणत होतो..." त्याने वाटी नाकाशी धरली होती. "हे लोणी कढताना बेरी लाल होते, त्याचा वास आहे. तोच आहे. मला आधी का नाही कळलं?"

तिने वाटी हातात घेतली, उपडी केली नाही. "मला काय विचारता," म्हणाली आणि बाहेर निघून गेली. जाताना तिला इतकं हलकं वाटत होतं की जिन्याच्या दोन पायऱ्या तिने एकदम उतरल्या.

चाचणीच्या दिवशी ती संघाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. आत लाल दिवा, परीक्षक, डॉक्टर मुजावर आणि धनंजय. नियम साधा होता. प्रत्येक जोडीतली खवट वाटी सांगायची, एकही चूक चालणार नाही, आणि संपेपर्यंत कोणीही बरोबर-चूक सांगायचं नाही. ना टिकली, ना ठिपका.

धनंजय बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो तिच्याशेजारी बसला.

"कसं झालं?"

"कोणी सांगितलं नाही." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "एक जोडी मी सोडून दिली."

"सोडून दिली?" हेमांगी त्याच्याकडे वळली. "सोडून दिली म्हणजे काय?"

"दोन्ही वाट्यांत एकच तूप होतं. तसं म्हणालो. परीक्षक म्हणाला, एक निवडावीच लागेल. मी पुन्हा चाखली आणि म्हणालो, दोन्ही ताजी आहेत, यात खवट कोणी नाही. त्याच्या भुवया वर गेल्या. गेल्या महिन्यात त्या भुवया बघून मी कुठल्यातरी वाटीवर बोट ठेवलं असतं."

"अहो, पण एकही चूक चालत नाही ना! ठेवायचं ना बोट!"

"नव्हता फरक," तो शांतपणे म्हणाला. "नव्हता तर नव्हता."

हेमांगीने पदराचं टोक मुठीत धरलं. दार उघडलं आणि डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. चष्मा कपाळावर होता आणि हसू काही लपत नव्हतं.

"त्या जोडीत दोन्ही वाट्या एकाच डब्यातल्या होत्या," त्या म्हणाल्या. "अंदाजपंचे बोट ठेवणारे पकडायला परीक्षक ती मुद्दाम घालतो. एकाला निवडलं असतंत तर तिथेच नापास झाला असतात. बाकीची सगळी बरोबर. जा धनंजय, नव्या हंगामाचे नमुने आलेत आणि आमचं कपाट वेड्यासारखं बरळतंय. त्याला शिकवा."

हेमांगीला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आलं नाही. धनंजय एप्रनच्या नाड्या बांधत उभा राहिला. गेले कित्येक दिवस जिभेवर आलेलं आणि गिळलेलं तिने विचारून टाकलं.

"माझ्यावरचा राग गेला का?"

त्याने खरोखर मनात शोधून बघितलं, आणि मग म्हणाला, "थोडा आहे अजून."

तो आत गेला. हेमांगी बाकावर बसून राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुठल्याही उत्तराने इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि तिला सपाटून भूक लागली होती.